नमुना कोणी घेतला

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांना एकच गोष्ट सांगायचे: बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आत नुसतं पाणी आहे. कुठून घेतलं, केव्हा घेतलं, कोणी घेतलं, एवढं लिहिलं की मग तो नमुना. मुलं कंटाळायची. मागच्या बाकांवर माझी नक्कलही व्हायची. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. शिस्तीची बाई म्हणून नाव होतं, ते आवडायचं.

निवृत्त झाले त्या वर्षी उन्हाळ्यात अनुजा घरी आली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता तिच्याच गावात, लिंबनूरला, प्राथमिक शाळेत शिकवते. लिंबनूर मुरगूडच्या वाटेवर आहे, माळाच्या उताराला. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, हे गावच्या विहिरीचं. पोरांच्या हातापायांना खाज सुटतीया. डॉक्टर मलम देतात. पंचायत म्हणते, विहिरीत पाला कुजलाय."

पाणी तसं स्वच्छ दिसत होतं. मागं पांढरा कागद धरला तेव्हा कळलं, फिकट पिवळं आहे. पाल्याचा पिवळेपणा असा नसतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या लोकांनी अजून माझ्या खुर्चीवर कुणाला बसवलं नव्हतं. बाटलीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, आम्लाचे थेंब टाकले, मग तपासणीचं द्रावण टाकलं. नळीतलं पाणी गुलाबी झालं, मग जांभळं. म्हणजे क्रोमियम, आणि तेही वाईट जातीचं. लोखंडाला चकचकीत मुलामा चढवतात त्या कामात वापरलं जाणारं. लिंबनूरच्या वर माळावर पाच-सहा छोटे कारखाने आहेत. त्यातला एक मुलाम्याचा. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कारखान्याबद्दल नाही.

लिंबनूरमध्ये पाणी समिती झाली. अध्यक्ष बाळासो चौगुले, माजी सरपंच, आवाज असा की स्पीकर लागायचा नाही. मी दर रविवारी एसटीनं जायचे, पिशवीत रिकाम्या बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून. माझे यजमान अंबादास म्हणायचे, "नोकरी करताना एवढी उत्साहात नव्हतीस." खरं होतं. चावडीसमोर दीडशे माणसं बसायची आणि मी परीक्षानळी वर धरली की गप्प व्हायची. वर्गात असं कधी झालं नव्हतं.

आमच्या मागण्या दोन होत्या. माळावरून येणारं घाण पाणी बंद करायचं. आणि डोंगराच्या अंगाला नवी बोअर मारून तिथं सौर पंप आणि शुद्धीकरणाचं यंत्र बसवायचं, कारण जुनी विहीर लवकर सुधारणार नव्हती आणि गावात दिवसाची लाइट कधी येईल याचा नेम नव्हता. बायका म्हणायच्या, "ऊन तर फुकट हाय की वो बाई, ते कुठं जातंय?"

कारखान्यानं उत्तर दिलं की आमच्याकडं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे आणि नाल्यात सगळ्यांचंच पाणी येतं. हेही खोटं म्हणता येईना. नाल्याचे माझे अकरा नमुने त्यामुळं कुचकामी ठरले. पाहिजे होतं ते कारखान्याच्या आतलं पाणी, पाइपाच्या तोंडाचं.

अनुजा मला प्रसेनजीतच्या घरी घेऊन गेली.

प्रसेनजीत शिंगे तिचा लहानपणचा शाळासोबती. बौद्ध वसाहतीत घर. त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली सहा वर्षं होता. टाक्या धुणं, आम्लाचे कॅन उचलणं असली कामं. बारीक अंगाचा, बोलताना समोरच्याकडं नीट बघणारा माणूस. त्याची बायको संघप्रिया घरीच शाळेचे गणवेश शिवायची. आम्ही गेलो तेव्हा निळ्या कापडाच्या ढिगात बसली होती.

"पाऊस लागला की मागच्या पाइपाचा वॉल उघडत्यात," प्रसेनजीत म्हणाला. "नाल्याला पाणी असतंय, कुणाला कळत न्हाय. प्लांट दाखवायला हाय नुसता. सायेब येणार असलं की चालू करत्यात."

"तू बाटली भरून देशील?"

त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"देतो की," तो म्हणाला. "आमच्या हापशाला बी तेच पाणी हाय. पण बाई, माझं नाव तेवढं कुठं येऊ देऊ नका. कॉन्ट्रॅक्टवर हाय मी. एक फोन झाला की गेटात उभं करणार न्हाईत."

"माझ्या तोंडून तुझं नाव जाणार नाही."

"शब्द द्या," संघप्रिया म्हणाली. एवढंच बोलली ती त्या दिवशी. मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

जुलैत त्यानं तीन बाटल्या आणल्या, पावसाच्या तीन दिवशी, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून. तिसऱ्या बाटलीतलं पाणी हळद कालवल्यासारखं होतं. त्यात द्रावण टाकलं तर एवढं गडद जांभळं झालं की काळंच वाटावं. मी वहीत सगळं लिहिलं. ठिकाण, तारीख, वेळ. चौथ्या रकान्यात 'नमुना घेणारा' असं असतं. तिथं मी आडवी रेघ ओढली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ती रेघ मला टोचत राहिली, हे कबूल करते. तो माणूस किती धोका पत्करतोय याच्यापेक्षा माझी वही अपुरी राहिली हे मला जास्त टोचत होतं.

सप्टेंबरात आमच्या तक्रारीवर प्रदूषण नियंत्रण मंडळापुढं सुनावणी लागली. कोल्हापुरात, गुरुवारी. लिंबनूरची पन्नास-साठ माणसं दोन टेम्पो करून आली आणि कार्यालयाच्या आवारात बसली. आत आम्ही थोडेच होतो: मी, बाळासो, कारखान्याचे वकील आणि व्यवस्थापक, अधिकारी आणि त्यांचा लेखनिक.

अधिकारी भला माणूस होता. माझी वही त्यांनी पान पान उलटून बघितली. "मॅडम, इतकं नेटकं काम आमच्याकडंही होत नाही," ते म्हणाले. मग त्यांचं बोट चौथ्या रकान्यावर थांबलं. "हे तीन नमुने पाइपाच्या तोंडाचे म्हणता. घेतले कोणी?"

"तिथल्याच एकानं."

"नाव?"

मी वहीकडं बघितलं. वकील हसले. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलले. "साहेब, बाईंच्या हाताशी प्रयोगशाळा आहे. रंग काय, कोणताही आणता येईल."

मला आजही तो माणूस आठवतो. चांदीच्या काड्यांचा चष्मा होता. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली असेल. एकतीस वर्षं मी मुलांना खोटी निरीक्षणं लिहिली म्हणून शून्य गुण दिलेत, आणि हा माणूस मला म्हणत होता की मी रंग मिसळला.

अधिकारी म्हणाले, "घेणाऱ्याचं नाव नसेल तर मला हे नोंदीवर घेता येणार नाही. चहा येतोय. पंधरा मिनिटं घ्या, विचार करा."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. खाली आवारात बायका पदरानं वारा घेत बसल्या होत्या. बाळासोंनी मला बाजूला घेतलं.

"बाई, नाव देऊन टाका. चार म्हयनं झालं. ह्या माणसांस्नी मोकळ्या हातानं कसं माघारी न्यायचं?"

"मी शब्द दिलाय, बाळासो."

"मग फोन लावा की त्याला. इच्यारा. त्यो काय परका हाय?"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं म्हणायची सोयही बाळासोंनी ठेवली नाही. मी पर्समधून फोन काढला. प्रसेनजीतचा नंबर काढला. गुरुवार म्हणजे त्याची सुट्टी, तो घरी असणार, हे मला पक्कं माहीत होतं. नंबर समोर होता. मी बोट लावलं नाही.

मी फोन कानाला लावला, थोडा वेळ उभी राहिले आणि म्हणाले, "लागत नाही."

बाळासो विश्वासानं मान हलवून खाली माणसांकडं गेले.

मी खोटं का बोलले? त्यानंतर मी याचा पुष्कळ विचार केलाय, आणि उत्तर दरवेळी तेच येतं. तो नको म्हणेल अशी मला भीती वाटली. तो नको म्हणाला असता तर मला आत जाऊन त्या वकिलासमोर गप्प बसावं लागलं असतं. विचारलंच नाही तर तो नको म्हणालाच नाही. असा हिशेब होता.

आत गेले, पेन उघडलं आणि त्या तीन रेघांवर तीनदा लिहिलं: प्रसेनजीत शिंगे, राहणार लिंबनूर. अक्षर चांगलं आलं.

वकिलांनी ते वाचलं आणि व्यवस्थापकाकडं बघितलं. व्यवस्थापकानं वहीवर नजर टाकली आणि मोबाइल घेऊन तो बाहेर गेला. मी त्याच्या पाठीकडं बघत होते, पण तेवढ्यात अधिकारी बोलू लागले आणि ते जे बोलले ते आमच्या बाजूचं होतं. नमुने नोंदीवर घेतले, आठवडाभरात कारखान्याची आतून तपासणी होईल. पुढं कुणीतरी मला सांगितलं की अशी नावं गुप्त ठेवा असं लेखी मागता येतं, बंद पाकिटात देता येतात. पंधरा मिनिटांत मी हे कुणालाही विचारलं नाही. त्या वेळी शेजारच्याच खोलीत लेखनिक चहा घेत बसला होता.

आवारात हलगी वाजली. बाळासोंनी पेढे आणवले आणि पहिला माझ्या तोंडात घातला. अनुजाचा शाळेतून फोन आला. तिला बातमी कळली होती. आधी हसली, मग म्हणाली, "मॅडम, आतले नमुने कसे धरले त्यांनी?"

मी सांगितलं.

"त्याला कळवलंत?"

"उद्या सांगते. समोर बसून सांगते."

"आजच सांगा मॅडम. उद्या त्याला पहिली पाळी आहे."

मी हो म्हणाले. संध्याकाळी घरी माणसं आली, एक वार्ताहर आला, मग दमले. केला नाही फोन.

शुक्रवारी सकाळी सातला प्रसेनजीत गेटवर गेला आणि हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं अंगठा घेतला नाही. त्यानं बोट पुसून पुन्हा ठेवलं. पहारेकरी शेजारच्या गावचा, ओळखीचा. त्यानं हळूच सांगितलं, "काल कोल्हापुरात तुझं नाव आलंय की रं. ठेकेदाराला भेट." माझं कृत्य त्याला असं कळलं. पहारेकऱ्याकडून.

शनिवारी मी गेले. तो उंबऱ्यावर बसला होता. मला बघून उठला, पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली. अधिकारी काय म्हणाले, वकील काय म्हणाले, वेळ किती कमी होता. फोन लागला नाही, हे खोटं मी त्याच्यासमोर म्हणू शकले नाही, एवढं तरी नशीब. तो मध्येच म्हणाला, "सांगायचं तरी, बाई." आवाज चढवला नाही. आत शिलाई मशीन चालू होतं, ते मी असेपर्यंत थांबलं नाही.

कारखान्याला टाळं लागलं. चार महिन्यांनी उघडला तेव्हा मागचा पाइप कापलेला होता आणि प्लांट खरोखर चालत होता. मी स्वतः जाऊन बघितलं. गावाला स्वच्छ पाण्याची सोय कारखान्यानं करून द्यायची असा आदेश झाला. बोअरला पाणी लागलं. बोअरजवळच्या शाळेच्या छपरावर सौर पॅनेल चढवायचे ठरले आणि खाली यंत्राच्या चौथऱ्याचं काम गावानं श्रमदानानं करायचं ठरलं. घरटी एक माणूस, एक दिवस. बायकांनी वाळू वाहिली. शाळेच्या मुलांनी विटांची रांग लावली. मला आयुष्यात इतकं सुंदर दृश्य बघायला मिळालं नसेल.

प्रसेनजीतही आला होता. एक नाही, दोन दिवस. घमेली उचलत होता. दुपारी सगळ्यांबरोबर भाकरी खायला बसला, पण मी जिथं बसले होते त्या ओळीत नाही. तोवर तो कागलच्या एमआयडीसीत चार-पाच ठिकाणी जाऊन आला होता. नाव सांगितलं की ठेकेदार फोनमध्ये काहीतरी बघायचे आणि नंतर कळवतो म्हणायचे. हे मला अनुजानं सांगितलं. त्यानं मला काही सांगितलं नाही.

मी मनाशी ठरवलं, याची भरपाई आपण करायची. नव्या यंत्रावर एक माणूस लागणार होता. पॅनेल पुसायचे, गाळण्या धुवायच्या, सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायचं. पगार फार नव्हता, पण गावातलं काम होतं आणि आम्लाच्या टाक्या हाताळलेल्या माणसाला ते सहज जमलं असतं. समितीच्या बैठकीत मी प्रसेनजीतचं नाव सुचवलं.

सगळ्यांनी बाळासोंकडं बघितलं. पंखा फिरत होता. बाळासो म्हणाले, "माझं काय न्हाय, बाई. पण कारखानावाल्यांच्या डोळ्यात सलणार. उगंच परत खुसपट."

"कारखान्याचा इथं काय संबंध? यंत्र गावाचं आहे."

मग कोपऱ्यातले एक वयस्कर सदस्य म्हणाले, "तसं न्हाय बाई, पोरगं चांगलंच हाय. पण पाण्याचं काम हाय. समद्या घरची माणसं येणार भरायला..."

मी म्हणाले, "काका, वाक्य पुरं करा." त्यांनी केलं नाही. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सहा महिने ज्या माणसांबरोबर मी चालले, ज्यांच्या घरी जेवले, ती माणसं. बाळासोसुद्धा चटईचा धागा ओढत होते. विहिरीत कारखान्याचं पाणी मिसळलं होतं ते मला परीक्षानळीत दिसलं होतं. माणसांतलं हे दिसायला सहा महिने गेले.

मी भांडले. खोटं सांगत नाही, आवाज चढवून भांडले. शेवटी उपसरपंचांच्या पुतण्याचं, राजवीरचं नाव ठरलं. इतिवृत्त माझ्यापुढं आलं. यंत्र चालू करायचा दाखला त्याच दिवशी जायला हवा होता, नाहीतर काम पुढल्या वर्षावर गेलं असतं. मी सही केली. विरोध नोंदवते असं दोन शब्दांत लिहिता आलं असतं. तेही लिहिलं नाही. दाखला अडेल असं वाटलं. चांगल्या कामासाठी थोडं सोडावं लागतं, असं मी त्या दिवशी अंबादासना सांगितलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं त्यांनी.

जानेवारीत प्रसेनजीत चाकणला गेला, कुणाच्यातरी ओळखीनं. एका खोलीत सहाजण राहतात असं कळलं.

फेब्रुवारीत उद्घाटन झालं. माझ्या खांद्यावर शाल आली. भाषणात मी म्हणाले, हे यश गावाचं आहे. कुणा एकाचं नाव घेतलं नाही. ज्या दिवशी नाव घ्यायचं नव्हतं त्या दिवशी घेतलं होतं, आणि ज्या दिवशी घ्यायला हवं होतं त्या दिवशी घेतलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी मी यंत्राचं पाणी तपासायला गेले होते. नळांपाशी रांग होती. संघप्रिया हंडा घेऊन उभी होती. मला वाटलं होतं ती या पाण्याला येत नसेल. मी मनात तसंच धरून चालले होते. ती मला बघून हटली नाही, रांगही सोडली नाही. हंडा भरून ती निघाली तशी मी मागं गेले.

"संघप्रिया, थोडं बोलायचंय."

"बोला की."

"मला वाटलं नव्हतं तू इथं..."

"का न्हाय येणार?" ती थांबली. "त्यांची नोकरी घालवून आलंय हे पाणी. आमी न्हाय न्यायचं तर कुणी न्यायचं?"

तिनं हंडा खाली ठेवला, चुंबळ हातात घेतली. आम्ही शाळेच्या भिंतीच्या सावलीत उभ्या होतो. मी तिला सगळं सांगितलं. फोन लागला नाही असं सगळ्यांना वाटतं, पण मी लावलाच नव्हता, हेही. हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, अंबादासनासुद्धा नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"फोन त्यांच्या हातातच होता त्या दिवशी. सकाळपासनं. आंघोळ करून, कापडं घालून बसलते. सुनावणी हाय म्हणाले, बाईंस्नी लागलं तर फोन येईल. दुपारपातूर बसलते. जेवले बी न्हाईत."

मी म्हणाले, "पण नाव नको असं तोच म्हणाला होता."

"व्हय. जुलैत म्हणालते. मग आमच्या अस्मिताच्या पायाला फोड आले. तवा म्हणाले, आता काय व्हायचं ते होऊ दे, बलावलं तर जातो, सायबाला सांगतो मीच भरल्यात बाटल्या." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मी नको म्हणलं असतं बाई. मी भांडलेच त्यांच्याशी त्या दिवशी. पण त्यांनी व्हय म्हणलं असतं. तुमी इच्यारलं असतं तर स्वतः आले असते. पोरगी मोठी झाल्यावर तिला सांगितलं असतं, मी उभा राहिलो म्हणून. आता काय सांगायचं? गेटावर अंगठा लागला न्हाय म्हणून?"

रांगेतल्या बायका आमच्याकडं बघत होत्या.

"उडी मारणं येगळं असतं, बाई," ती म्हणाली. "आन् ढकलणं येगळं." मग तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. मी हंड्याला हात लावायला पुढं झाले तोवर तिनं तो एकटीनंच उचलला होता.

त्या महिन्यात मी समितीला पत्र दिलं. नमुना घेणाऱ्याचं नाव त्याला न विचारता मी जाहीर केलं, आणि यंत्रावरच्या माणसाची निवड चुकीच्या कारणानं झाली, असं दोन मुद्द्यांचं. ते इतिवृत्तात घ्यावं अशी विनंती केली. बाळासो पत्र घेऊन माझ्या घरी आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले.

"आता कशाला, बाई?" ते शेवटी म्हणाले. "पाणी चांगलं हाय. पोरं बरी हायती. गावात उगंच फूट पडंल."

"पण खरं आहे की नाही, बाळासो?"

"खरं हाय," ते म्हणाले, आणि पत्राची घडी करून त्यांनी ते शर्टाच्या खिशात घातलं. बैठकीपुढं ते आलं नाही. मी समिती सोडली. पाणी तपासायला मात्र जाते. राजवीर काम नीट करतो, यंत्र व्यवस्थित आहे, विहिरीतलं क्रोमियमही कमी होत चाललंय. अनुजा भेटते, पूर्वीसारखी बोलते. पूर्वीसारखी घरी येत नाही.

प्रसेनजीतला फोन करायला मला मे महिना उजाडला. पहिल्यांदा त्यानं घेतला आणि म्हणाला, "बाई, कंपनीत लाइनीवर हाय, मागनं करतो." मला वाटलं करणार नाही. रविवारी केला. मागं कुणीतरी जोरात हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. अस्मिताच्या शाळेचं विचारलं मी. चाकणला भाडी फार आहेत म्हणून त्या दोघी गावातच राहणार, असं त्यानं सांगितलं. त्यानं अंबादासांची तब्येत विचारली.

मग मी म्हणाले, "प्रसेनजीत, मी तुला त्या दिवशी विचारायला हवं होतं. मुद्दाम विचारलं नाही. माझं चुकलं."

"असू दे, बाई," तो म्हणाला. आणि मग, "ठेवू का? पाणी आलंय, भरून घ्यायला पायजे."

ठेव म्हणाले. असू दे म्हणजे माफ केलं, की असू दे म्हणजे आता हा विषय नको, हे त्याच्या आवाजावरून मला कळलं नाही. विचारायला हवं. अजून विचारलेलं नाही.